सर्व्हर रिकामे, तरी व्हीएमला जागा नाही: खासगी क्लाउडच्या आत काय चालतं

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला टेस्टिंगच्या टीमकडून फोन आला. मोठ्या रॅमचं व्हीएम, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी कॉम्प्युटर, मागितलं की कधी मिळतं, कधी मिळत नाही. मिळालं नाही की स्क्रीनवर एकच ओळ येते: ‘नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड’. तुमचं व्हीएम ठेवायला योग्य सर्व्हर सापडला नाही, एवढाच तिचा अर्थ. ओपनस्टॅकवर, म्हणजे आमचा खासगी क्लाउड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करणाऱ्या प्रत्येकाची या ओळीशी कधी ना कधी गाठ पडतेच.

त्या मोठ्या व्हीएमसाठी आम्ही दोन सर्व्हर राखून ठेवले होते आणि दोन्ही निम्म्याहून जास्त रिकामे होते. जागा डोळ्यांना दिसत होती. तरीही पाच मागण्यांतली एखादी फसायची, आणि कुठली फसेल याचा काही नेम नव्हता.

गुंता सुटेपर्यंत दुपारचे अडीच वाजले. तो कसा सुटला ते पुढे सांगतो. पण ते कळायला खासगी क्लाउडच्या आत कोण कोण बसलेलं असतं आणि कोण कुणाशी बोलतं, हे आधी माहीत हवं. नवीन मुलांकडून आम्ही या भागांची नावं पाठ करून घेतो. माझं मत वेगळं आहे. नावं वापरता वापरता पाठ होतात; आधी एका मागणीचा पहिल्यापासून शेवटपर्यंत माग काढायला शिकावं. इथे तेच करू.

खासगी क्लाउड म्हणजे नक्की काय

क्लाउड म्हणजे इंटरनेटवर कुठेतरी ठेवलेले कॉम्प्युटर, असं सरसकट म्हटलं जातं. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात पाच लक्षणं आहेत. वापरणाऱ्याने कुणाची मनधरणी न करता हवं ते स्वतः घ्यावं. ते नेटवर्कवरून मिळावं. साधनं सगळ्यांत मिळून वापरली जावीत. गरजेप्रमाणे ती पटकन वाढावीत आणि कमी व्हावीत. आणि कोणी किती वापरलं याची मोजणी व्हावी. ही पाचही लक्षणं असलेली यंत्रणा एकाच संस्थेच्या वापरासाठी उभी केली, की ते खासगी क्लाउड. सर्व्हर तुमच्याच इमारतीत असले पाहिजेत अशी अट नाही.

या पाचांतलं पहिलं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका सर्व्हरवर दहा व्हीएम चालवणं कंपन्यांना आधीपासून येत होतं. पण नवं व्हीएम हवं असलं की मेल करायचा, मंजुरी घ्यायची, मग अ‍ॅडमिनला सवड होईल तेव्हा ते तयार व्हायचं. हा मधला माणूस काढून टाकायचा तर त्याच्या डोक्यातलं सगळं कुठल्या तरी सॉफ्टवेअरला करावं लागतं. मागणारा कोण, त्याला किती देणं आहे, जागा कुठे आहे, आयपी पत्ता कोणता द्यायचा, डिस्क कुठून आणायची. त्या एका माणसाच्या डोक्याची फोड करून जे तुकडे झाले, तेच खासगी क्लाउडचे घटक.

ओपनस्टॅक हे अशा सॉफ्टवेअरचं सगळ्यात नावाजलेलं मुक्तस्रोत उदाहरण. २०१० च्या जुलैमध्ये नासा आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी मिळून ते जाहीर केलं. नासाच्या नेब्युला प्रकल्पातून व्हीएम चालवणारा भाग आला आणि रॅकस्पेसकडून फाइली साठवणारा. पहिली आवृत्ती त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाली. तिचं नाव ऑस्टिन. तेव्हापासून आवृत्त्यांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवतात. २०२२ मध्ये झेडपर्यंत पोहोचल्यावर २०२३ मध्ये पुन्हा ए पासून सुरुवात झाली. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २०१३ पासून ओपनस्टॅक रोजच्या वापरात आहे, आणि तिथे त्याने तीन लाखांहून जास्त प्रोसेसर कोर सांभाळले आहेत. लहानसहान प्रयोग म्हणून याच्याकडे बघण्याचे दिवस कधीच गेले.

बटण दाबल्यावर

तुम्ही ब्राउझरमध्ये होरायझन उघडता. होरायझन म्हणजे फक्त खिडकी. तिच्या मागे खरी कामं करणारे वेगळेच. व्हीएमचा आकार, इमेज (ऑपरेटिंग सिस्टिमचा तयार साचा) आणि नेटवर्क निवडून तुम्ही बटण दाबता. पण त्याआधी, लॉगिन करतानाच, तुमची गाठ कीस्टोनशी पडलेली असते.

कीस्टोन ओळख पटवतं. नाव आणि पासवर्ड बरोबर असेल तर टोकन देतं. तुम्ही कोण, कुठल्या प्रकल्पाचे, तुमचा अधिकार काय आणि टोकन कधी संपणार, हे सगळं त्या टोकनाशी जोडलेलं असतं. पुढे ज्या ज्या घटकाकडे जाल, तिथे पासवर्ड नाही, हे टोकन दाखवायचं. पूर्वी कीस्टोन प्रत्येक टोकनाची नोंद डेटाबेसात ठेवायचं. नोंदी इतक्या साचायच्या की जुनी टोकनं वेळोवेळी साफ करणं हे अ‍ॅडमिनचं एक कामच होऊन बसलं होतं. आता फर्नेट पद्धतीची टोकनं वापरतात. आतला मजकूर किल्लीने बंद करून टोकनातच ठेवलेला असतो, त्यामुळे नोंद ठेवावी लागत नाही. मात्र कीस्टोन तीन सर्व्हरांवर चालवत असाल तर तिन्हीकडे त्याच किल्ल्या हव्यात. नाहीतर एकाने दिलेलं टोकन दुसरा ओळखत नाही.

कीस्टोनचं आणखी एक काम लोक विसरतात. कुठली सेवा कुठल्या पत्त्यावर भेटेल, याची यादीही त्याच्याकडेच असते. नवीन मांडणी करताना ‘सेवा चालू आहे, पण सापडत नाही’ अशी तक्रार आली, तर मी आधी ही यादी तपासतो.

आता तुमची मागणी नोव्हाकडे जाते. नोव्हा म्हणजे व्हीएम चालवणारा विभाग, आणि त्याच्या आतही पुन्हा चार जण आहेत. दारात नोव्हा एपीआय, म्हणजे बाहेरून आलेल्या मागण्या घेणारा भाग. तो टोकन तपासतो, तुमच्या प्रकल्पाचा कोटा शिल्लक आहे का बघतो, मागणीची नोंद करतो आणि लगेच उत्तर देतो. ते उत्तर २०२ या क्रमांकाचं असतं. त्याचा अर्थ ‘मागणी घेतली’. ‘काम झालं’ असा नाही. स्क्रीनवर ‘बिल्ड’ दिसायला लागतं. प्रत्यक्षात अजून कुठेही काहीही तयार झालेलं नसतं.

खिळ्याला टोचलेली चिठ्ठी

एपीआय पुढच्या भागाला काम कसं सांगतो, हे खासगी क्लाउडमधलं सगळ्यात समजून घेण्यासारखं प्रकरण.

गर्दीच्या वेळी एखाद्या जुन्या हॉटेलात बघा. वेटर ऑर्डर घेतो, चिठ्ठी लिहितो आणि मुदपाकखान्याच्या खिडकीतल्या खिळ्याला टोचतो. आचाऱ्यापाशी तो थांबत नाही, दुसऱ्या टेबलाकडे वळतो. आत तीन आचारी असतील तर ज्याचा हात मोकळा होईल तो पुढची चिठ्ठी उचलतो. चिठ्ठी नेमकी कोणाला मिळेल हे वेटरला माहीत नसतं, आणि ते माहीत असायची गरजही नसते.

ओपनस्टॅकमधला हा खिळा म्हणजे रॅबिटएमक्यू. एकाच विभागाच्या आतले भाग सहसा त्याच्यामार्फत बोलतात. वेगवेगळे विभाग एकमेकांशी बोलताना मात्र एपीआयच्या दारातून जातात. नोव्हाला न्यूट्रॉनकडून, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या विभागाकडून, काही हवं असेल तर ते न्यूट्रॉनच्या दारात टोकन घेऊन उभं राहतं, तुमच्याआमच्यासारखंच. बिघाड शोधताना ही रेघ फार कामी येते. दोन विभागांच्या मध्ये अडलं असेल तर एपीआयचे लॉग वाचायचे. विभागाच्या आत अडलं असेल तर खिळ्यावर चिठ्ठ्या साचल्या आहेत का ते बघायचं.

एपीआयची चिठ्ठी कंडक्टर उचलतो. कंडक्टर हा नोव्हाचा कारकून. व्हीएम ज्यांच्यावर चालतात त्या सर्व्हरांना डेटाबेसाला हात लावायची परवानगी नसते. तिथे काही लिहायचं असेल तर कंडक्टरला चिठ्ठी पाठवायची. सुरुवातीला असं नव्हतं. २०१३ च्या ग्रिझली आवृत्तीत कंडक्टर आला, आणि त्यामागचं कारण साधं होतं. त्या सर्व्हरांवर परक्यांची व्हीएम चालतात. एखाद्याने व्हीएमची भिंत फोडून सर्व्हरवर ताबा मिळवलाच, तर अख्ख्या क्लाउडची वही त्याच्या हाती लागू नये. मला ही रचना मनापासून आवडते. एक चिठ्ठी जास्त फिरते, पण नुकसान एका सर्व्हरपुरतं आवरतं.

कंडक्टर शेड्यूलरला विचारतो: हे व्हीएम कुठे ठेवू? शेड्यूलर आधी प्लेसमेंटकडे जातो. प्लेसमेंट म्हणजे शिल्लक साठ्याची वही: कुठल्या सर्व्हरवर किती कोर, किती रॅम, किती डिस्क मोकळी आहे. पूर्वी तो नोव्हाचाच भाग होता. २०१९ च्या स्टाइन आवृत्तीपासून तो स्वतंत्र झाला. या वहीतले आकडे खऱ्या यंत्राइतकेच असतील असं नाही. सगळी व्हीएम एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालत नाहीत, म्हणून एका खऱ्या कोरवर अनेक व्हीएमचे कोर मांडता येतात. नोव्हामध्ये हे प्रमाण बरीच वर्षं मुळातच १६ ठेवलेलं होतं. डेटाबेस चालवणाऱ्या सर्व्हरांवर ते तसंच ठेवलं तर व्हीएम मिळतात, पण रांगत चालतात. ते प्रमाण कामाचा प्रकार बघून ठरवावं, आणि पहिल्याच दिवशी ठरवावं.

वहीतून आलेल्या नावांना शेड्यूलर एकामागून एक चाळण्या लावतो. हा सर्व्हर राखीव गटातला आहे का? ही इमेज त्याच्यावर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, तो जिवंत आहे का? चाळण्यांतून उरलेल्यांना गुण मिळतात, आणि बहुतेक वेळा जास्त मोकळा असलेला पुढे येतो. कोणीच उरलं नाही, तर ती सुरुवातीची ओळ.

ज्या सर्व्हरचं नाव निघालं, त्याच्यावर नोव्हा कंप्युट नावाचा भाग बसलेला असतो. तो ग्लान्सकडून इमेज मागतो. ग्लान्स म्हणजे साच्यांचं कोठार: उबंटू, रॉकी लिनक्स, विंडोज, ज्या कशाचे तयार साचे तुम्ही ठेवाल ते. इमेज एकदा आली की सर्व्हर तिची प्रत जपून ठेवतो. म्हणून एखाद्या सर्व्हरवर नव्या इमेजचं पहिलं व्हीएम रेंगाळतं आणि दुसरं झटकन उभं राहतं. मग कंप्युट लिबव्हर्टला, म्हणजे सर्व्हरवरची व्हीएम हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरला, सांगतो आणि लिबव्हर्ट केव्हीएमच्या मदतीने व्हीएम चालू करतं. केव्हीएम हा लिनक्स कर्नलचाच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचाच, भाग आहे, २००७ पासून. थोडक्यात, यंत्राचं खरं काम लिनक्सच करतं. ओपनस्टॅक ते कोणासाठी, कुठे आणि कधी करायचं एवढं ठरवतं.

नेटवर्क आणि डिस्क

न्यूट्रॉन हा नवख्यांना सगळ्यात अवघड जाणारा भाग. त्याचं नाव आधी क्वांटम होतं. ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २०१३ मध्ये बदललं.

त्याच्यापुढचा प्रश्न असा. एका प्रकल्पाने आपल्या नेटवर्कला १०.०.०.० पासूनचे पत्ते दिले आणि दुसऱ्यानेही तेच दिले. दोघांची व्हीएम एकाच सर्व्हरवर, शेजारी शेजारी. तरी एकाचं पाकीट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) दुसऱ्याकडे जाता कामा नये. यासाठी न्यूट्रॉन प्रत्येक नेटवर्कला क्रमांक देतं आणि सर्व्हरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाकिटाला तो क्रमांक लिहिलेलं दुसरं वेष्टन चढवतं. पलीकडच्या सर्व्हरवर वेष्टन उतरवून पाकीट योग्य व्हीएमला दिलं जातं. जुन्या व्हीलॅन पद्धतीत असे क्रमांक ४०९४ च मिळतात. व्हीएक्सलॅनमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त. वेष्टनाला जागा लागते हे मात्र ध्यानात ठेवावं. खालच्या स्विचवर पाकिटाचा कमाल आकार वाढवला नाही, तर पिंग (यंत्र उत्तर देतं का याची छोटी चाचणी) चालतं, एसएसएचही (दुरून लॉगिन करायची सोय) चालतं, आणि मोठी फाइल पाठवायला गेलं की सगळं गोठतं. आमच्या लाइनमध्ये निदान एक रात्र यावर घालवली नाही, असा माणूस विरळा.

व्हीएम चालू झालं की त्याला न्यूट्रॉनकडून आयपी पत्ता मिळतो. मग ते १६९.२५४.१६९.२५४ या ठरलेल्या पत्त्यावर जाऊन स्वतःची माहिती विचारतं: माझं नाव काय, मालकाची एसएसएच किल्ली कोणती? उत्तर आलं की किल्ली जागेवर ठेवली जाते आणि तुम्हाला आत शिरता येतं. व्हीएम ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसतंय पण लॉगिन होत नाही, अशा तक्रारीत कितीदा तरी याच ठिकाणी गाडं अडलेलं सापडतं.

डिस्कचं थोडक्यात सांगतो, पण यात चूक झाली तर ती निस्तरत नाही, म्हणून नीट वाचा. व्हीएमबरोबर जी साधी डिस्क मिळते ती व्हीएम डिलीट केलं की जाते. टिकायला हवा असा डेटा सिंडर या विभागाच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे व्हीएमपासून वेगळ्या राहणाऱ्या डिस्कवर, ठेवायचा. ते एका व्हीएमवरून काढून दुसऱ्याला जोडता येतं. सिंडर स्वतः काही साठवत नाही. मागे सेफसारखी साठवण यंत्रणा असते, आणि ती सहसा प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवते. फोटो, बॅकअप, लॉग अशा फाइली अखंड ठेवायच्या आणि अखंड काढायच्या असतील तर स्विफ्ट हा विभाग. नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या दिवशी मी हेच सांगतो, बाकी सगळं नंतर.

त्या सोमवारचं काय

तर प्लेसमेंटच्या वहीत जागा होती. म्हणजे मागण्या चाळणीत अडत होत्या, आणि आमचा संशय ‘सर्व्हर जिवंत आहे का’ या चाळणीवर गेला. सगळ्या कंप्युट सेवांची यादी काढली, तर काही ओळींत ‘डाउन’. पुन्हा काढली, तर त्या ओळी ‘अप’ आणि भलत्याच ओळी ‘डाउन’. तिसऱ्यांदा आणखी वेगळ्या. सर्व्हर मात्र सगळे धडधाकट चालू होते, त्यांच्यावरची व्हीएम कामं करत होती.

आम्ही नेटवर्कवर संशय घेतला, स्विच तपासले. मग रॅबिटएमक्यूवर घेतला आणि तो तिन्ही कंट्रोलरांवर, म्हणजे एपीआय, कंडक्टर, शेड्यूलर हे भाग ज्यांच्यावर चालतात त्या सर्व्हरांवर, एकेक करून पुन्हा चालू केला. त्यात दोन तास गेले आणि हाती काहीच लागलं नाही. नुकतीच टीममध्ये आलेली मुलगी इतका वेळ मागे बसून टिपणं काढत होती. ती म्हणाली, “दादा, तिन्ही कंट्रोलरांवर डेट मारून बघायची का?”

डेट म्हणजे यंत्राची वेळ दाखवणारी कमांड. तीन खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या. दोन घड्याळं जुळत होती. तिसरं ७४ सेकंद मागे होतं.

सर्व्हर जिवंत आहे हे कळतं कसं, ते आता बघा. प्रत्येक कंप्युट दर १० सेकंदांनी एक चिठ्ठी पाठवतो: मी आहे. ती खिळ्याला टोचली जाते. तीन कंट्रोलरांवरच्या कंडक्टरांपैकी कोणीतरी एक ती उचलतो आणि डेटाबेसात वेळ लिहितो. ही वेळ चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या घड्याळाची नसते. ती लिहिणाऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळाची असते. शेड्यूलर ती नोंद स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघतो, आणि फरक ६० सेकंदांहून जास्त निघाला तर सर्व्हर मेला असं समजतो.

चिठ्ठी नीट चालणाऱ्या घड्याळाच्या कंडक्टरकडे गेली, तर सर्व्हर जिवंत. मागे पडलेल्या घड्याळाच्या कंडक्टरकडे गेली, तर नोंद होताक्षणीच ७४ सेकंद जुनी, म्हणजे सर्व्हर मेलेला. दहा सेकंदांनी पुढची चिठ्ठी दुसऱ्याने उचलली की पुन्हा जिवंत. आणि मागणी मागे पडलेल्या कंट्रोलरवरच्या शेड्यूलरकडे गेली तर उलटंच: त्याला बाकी दोघांनी केलेल्या नोंदी भविष्यातल्या दिसायच्या. फरक पुढचा असो वा मागचा, मोजणी तीच, म्हणून त्याच्या लेखी बहुतेक सर्व्हर मेलेले. साध्या व्हीएमसाठी भरपूर सर्व्हर असल्यामुळे कोणीतरी उरायचंच, आणि तिकडे कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. मोठ्या व्हीएमसाठी दोनच सर्व्हर होते. दोन्ही एकाच क्षणी ‘डाउन’ असले, की ती ओळ.

शनिवारी देखभालीसाठी तो कंट्रोलर बंद करून चालू केला होता. घड्याळ जुळवणारी क्रोनी ही सेवा बूट होताना आपोआप चालू व्हावी, अशी खूण त्या एका यंत्रावर कधी केलेलीच नव्हती. ती आम्ही केली, घड्याळ जुळवलं आणि यादी पुन्हा काढली. सगळ्या ओळी ‘अप’. मग त्या मुलीलाच मोठ्या रॅमची व्हीएम मागायला सांगितली, एकामागून एक वीस. ती प्रत्येक ‘अ‍ॅक्टिव्ह’ मोठ्याने मोजत होती, आणि विसावं झाल्यावर आम्ही जेवायला गेलो.